गिट रिपेअर झालं, पण उरलेल्या फायली उडवू का?

वैतागलेला_बाब्या: परवा लाइट गेली, पीसी बंद, मग गिटचा रेपो (कोडच्या जुन्या आवृत्त्या सांभाळणारं प्रोजेक्ट फोल्डर) उघडेचना. मित्राने फोनवर सांगितलं तसं केलं, चालू झालं एकदाचं. पण डॉट-गिट फोल्डर ११ जीबी झालंय, पॅकच्या फोल्डरात 'टीएमपी_पॅक' नावाच्या चार फायली आणि बाहेर एक लॉस्ट-फाउंड. उडवू का? डिस्क भरलीये, लवकर सांगा.

चहाबाज: मित्राने काय सांगितलं? आम्ही काय ज्योतिषी आहोत का

वैतागलेला_बाब्या: शून्य बाइटच्या ऑब्जेक्ट फायली (गिट आवृत्त्यांच्या प्रती ठेवतं त्या) उडवल्या, सर्व्हरवरून फेच मारलं, मग एफएससीके लॉस्ट-फाउंड (तपासून बेवारस प्रती वेगळ्या काढणारी कमांड) लावून. नंतर जीसी (गिटची साफसफाई) चारदा, दर वेळी डिस्क फुल म्हणून मेलं.

कोकणी_कोडर: कशाला एवढं? सगळं उडवून सर्व्हरवरून नव्याने क्लोन करा, मी नेहमी तेच करतो.

चहाबाज: आणि पुश न केलेलं, सर्व्हरवर न गेलेलं काम? ते काय तुम्ही टाइप करून देणार?

एसव्हीएन_काका: आमच्या वेळी सबव्हर्जन (गिटसारखंच जुनं टूल) बर्कली डीबी या डेटाबेसवर असायचं, रिकव्हर केलं तरी लॉगच्या फायलींचा ढीग तसाच, न वापरातल्यांची यादी काढून हाताने उडवायचो. गिटचं हे असंच.

कोकणी_कोडर: काका तो जमाना गेला 😀

रात्रपाळी: चार वेळा जीसी मेलं म्हणून चार टीएमपी, अर्धवट पॅक (बऱ्याच ऑब्जेक्ट्सचा एकत्र गठ्ठा) आहेत ते. गिटची काउंट-ऑब्जेक्ट्स डॅश व्ही कमांड मारा, गार्बेजमध्ये दिसतील. गिट दोन आठवड्यांनी स्वतःच काढतं, पण तुमच्याकडे जागा नाही, तर गिटचं काही चालू नाही ना बघून हाताने उडवा. लॉस्ट-फाउंडला हात लावू नका, आणि प्रून नाऊ (बेवारस प्रती लगेच पुसतं ते) तर अजिबात नको. काही गायब आहे का?

वैतागलेला_बाब्या: एक फाइल गेलीये, दोन दिवसांचं काम, पण तो वेगळा विषय आहे, तिचं कमिट (इतिहासात नोंद) केलंच नव्हतं.

रात्रपाळी: अहो तोच विषय आहे! कमिट नसलं तरी ॲड केलं की गिट प्रत ठेवतं. ॲड केली होती का?

वैतागलेला_बाब्या: हो, दोन-तीनदा

रात्रपाळी: मग लॉस्ट-फाउंडच्या 'अदर'मध्ये तुमच्या फंक्शनचं नाव ग्रेप करा, म्हणजे शोधा.



वैतागलेला_बाब्या: सापडली!!! पण तीन निघाल्या, नाव नाही, नुसते ४० अक्षरी हॅश (गिटने दिलेले आयडी). ताजी कुठली? तारीख तिन्हींवर कालचीच.

रात्रपाळी: ती एफएससीकेची वेळ. डॉट-गिटमधल्या ऑब्जेक्ट्समध्ये हॅशच्या पहिल्या दोन अक्षरांचं फोल्डर उघडा, तिथल्या मूळ फायलीची वेळ बघा.

वैतागलेला_बाब्या: सगळ्यात ताजी परवा ६:४०ची. लाइट ६:५०ला गेली होती.