पाइप तंबाखू : नाशिकच्या दुकानात आणि ऑनलाइन भावात एवढा फरक का? मदत हवी आहे

एकाच ब्रँडचा, एकाच मिश्रणाचा ५० ग्रॅमचा आयात केलेला डबा. कॉलेज रोडच्या एका दुकानात १,४५० रुपयांना मिळतो, ऑनलाइन मात्र २,१५० आणि वर कुरिअरचे १२०. वजन तेच आहे, मी काट्यावर ठेवून पाहिलं.

दोन्ही डबे शेजारी ठेवले तेव्हा खरी शंका आली. ऑनलाइन डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, आयातीचा महिना, एमआरपी आणि ८५ टक्के जागा व्यापणारी चित्रासह धोक्याची सूचना आहे. दुकानातल्या डब्यावर यातलं काहीच नाही. दुकानदार म्हणाले, "माल बाहेरून येतो, म्हणून स्वस्त." मेनरोड आणि नाशिकरोडलाही विचारलं, एकाकडे पाइपची तंबाखूच नव्हती, दुसरे म्हणाले जुना साठा आहे. कॉलेज रोडच्या डब्यातली तंबाखू खरंच कोरडी निघाली, चिमटीत धरली की चुरा होतो. पण नुसत्या कोरडेपणावरून जुनी की बनावट हे मला ठरवता येत नाही.

दोन महिन्यांत एकच डबा लागतो, त्यामुळे घाऊक खरेदी नको. सुटी तंबाखूही नको. बिल मिळालं पाहिजे.

ऑनलाइनचा जास्तीचा भाव सीमाशुल्क आणि जीएसटीमुळेच आहे, की विक्रेत्याचा नफाही त्यात मोठा असतो? आणि दुकानातला डबा शुल्क चुकवून आलेला आहे, जुना आहे की नकली, हे तळाचा छाप किंवा सील पाहून कसं ओळखायचं?