कबाला आणि सेक्रेड जॉमेट्री: सुरुवात कुठून करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना चित्रकला शिकवते, त्यामुळे कंपास कायम हाताशी. सेक्रेड जॉमेट्रीच्या (पवित्र मानलेल्या भौमितिक) आकृत्या काढता काढता कबालापर्यंत, म्हणजे ज्यूंच्या गूढविद्येपर्यंत पोचले आणि तिथे पुरती गोंधळले. एका व्हिडिओत 'फ्लॉवर ऑफ लाइफ' या गुंफलेल्या वर्तुळांच्या नक्षीतून दहा सेफिरोतचा (ईश्वराच्या दहा शक्तींचा) जीवनवृक्ष काढतात, दुसऱ्यात त्याच्या वाटांवर टॅरोचे २२ पत्ते मांडतात, तिसऱ्यात 'मेटाट्रॉन्स क्यूब', म्हणजे १३ वर्तुळांची केंद्रं रेषांनी जोडलेली आकृती. सगळ्यांचं एकच पालुपद, हे प्राचीन ज्यू ज्ञान आहे. पाठोपाठ कोर्सची फी.

आतापर्यंत एवढंच वाचलंय: 'सेफेर येत्सिरा' हा छोटासा जुना ग्रंथ, त्यात १० सेफिरोत आणि २२ हिब्रू अक्षरं मिळून ज्ञानाच्या ३२ वाटा. अक्षरांचे गट ३, ७ आणि १२. जेमॅट्रिया, म्हणजे हिब्रू अक्षरांच्या अंकांची बेरीज, लगेच कळलं, कारण अक्षरांना अंक देणारी आपली कटपयादी माहीत होती. 'एहाद' म्हणजे एक आणि 'अहावा' म्हणजे प्रेम, दोन्हींची बेरीज १३. मजा वाटली. पण या ग्रंथात एकमेकांत गुंफलेली वर्तुळं कुठेच दिसली नाहीत!

तर जीवनवृक्षाची आकृती मूळची कबालातली की नंतरची? मेटाट्रॉन्स क्यूबमध्ये प्लेटोचे पाचही घनाकार (सगळी पृष्ठं एकसारखी असलेले) आहेत म्हणतात, मग वीस त्रिकोणांचा माझा का बसत नाही? पेन्सिल बारीक करून पाहिली, तरी फरक राहतोच. आणि हिब्रू न येणाऱ्या, ज्यू नसलेल्या माणसाने आधी काय वाचावं? चाळिशीच्या आत हे वाचू नये असंही ऐकलंय.

(श्रीयंत्राशी तुलना कृपया नंतर. षट्कोन दिसला की आपल्याकडे ती सुरू होतेच.)

प्रतिसाद १

तुमची पेन्सिल ठीक आहे, दावाच चुकीचा आहे. वीस त्रिकोणांचा घनाकार एका पृष्ठासमोरून पाहिला तर त्याचे शिरोबिंदू दोन षट्कोनांवर येतात, आतला आणि बाहेरचा यांचं प्रमाण १ : १.६१८, म्हणजे सुवर्ण गुणोत्तर. मेटाट्रॉन्स क्यूबमध्ये वर्तुळांच्या केंद्रांचे दोन षट्कोन १ : २ आहेत. रेषांचे छेदनबिंदू घेतलेत तरी मध्यापासूनच्या अंतरांच्या वर्गांचं गुणोत्तर परिमेयच येतं आणि सुवर्ण गुणोत्तराचा वर्ग परिमेय नाही. व्हिडिओत रेषा जाड असतात म्हणून भागतं.

मेटाट्रॉन हा देवदूत जुना, तालमूद या ज्यू धर्मग्रंथातही आहे. त्याच्या नावाची ही आकृती मात्र जुन्या कबालातली नाही. वर्तुळांची तशी नक्षी अनेक देशांत सापडते, पण 'फ्लॉवर ऑफ लाइफ' हे नाव १९९० च्या दशकात न्यू एजवाल्यांनी (पाश्चात्त्य नव-अध्यात्मवाल्यांनी) रूढ केलं. टॅरो १५ व्या शतकात इटलीत पत्त्यांचा खेळ होता. त्याला हिब्रू अक्षरं जोडणं रूढ केलं ते १९ व्या शतकात फ्रान्समध्ये एलिफास लेव्ही या गूढविद्येच्या लेखकाने, आणि १८८८ मध्ये लंडनला निघालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्या मंडळाने ते पक्कं केलं.

सेफिरोतच्या आकृत्या मात्र खऱ्याच ज्यू. मध्ययुगीन हस्तलिखितांत त्या वृक्षरूपात आहेत, तशा एकात एक वर्तुळांच्याही. १६ व्या शतकात साफेदच्या (आताच्या इस्रायलमधलं गाव) कबाला-गुरू आयझॅक लुरियाच्या परंपरेत जी मांडणी रूढ झाली ती तुम्हाला आवडेल: आडव्या ३ रेषांना तीनच्या गटातली 'माता' अक्षरं, उभ्या ७, तिरप्या १२, म्हणजे तुमचेच ३, ७ आणि १२ चे गट. टॅरोवाल्या झाडात अक्षरं क्रमाने वरून खाली येतात, हा गट-हिशेब मोडतो. ओळखायची सोपी खूण: साफेदच्या झाडात सर्वांत खालच्या मालखुत या सेफिराला एकच रेषा, टॅरोवाल्यात तीन.

आधी गेर्शोम शोलेमचं १९४१ चं 'मेजर ट्रेंड्स इन ज्यूइश मिस्टिसिझम' वाचा. सेफेर येत्सिरा इंग्रजी अनुवादासह सेफारिया या संकेतस्थळावर फुकट आहे. झोहर या कबालाच्या मुख्य ग्रंथाला घाई नको. तो १३ व्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये पुढे आला, बहुतांश अरामाईक या जुन्या भाषेत, आणि टिपांशिवाय काही म्हणजे काही कळत नाही. डॅनियल मॅट यांच्या अनुवादात टिपा भरपूर आहेत.

चाळिशीचं म्हणाल तर खुद्द लुरिया ३८ व्या वर्षी गेले.

धागाकर्ती

खूप आभार! साफेदची मांडणी आजच काढते. आडव्या तीन म्हणजे होखमा–बिना, हेसेद–गेवुरा, नेत्सह–होद ना?

प्रतिसाद १

हो. वर शिन, मध्ये आलेफ, खाली मेम: अग्नी, वायू, पाणी.