बिडाच्या तव्यावर भाजलेल्या भाज्यांचं गार सॅलड

जुळेसोलापूरकर:
एप्रिल लागला की सासऱ्यांना रात्री गरम भाजी नकोशी होते. दिवसभर ४२ अंशांत तापलेलं घर, त्यात वाफाळतं ताट कुणाला हवं? नुसत्या कोशिंबिरीने मात्र त्यांचं पोट भरत नाही. भाज्या भाजून, गार करून सॅलड द्यायचा विचार आहे. ओव्हन नाही. गॅस, बिडाचा तवा आणि वांगं भाजायची जाळी आहे. भाज्यांना पाणी सुटून गिचका होऊ नये म्हणून काय करावं? मेयोनीज, चीज नको. दात कमी आहेत, तेही लक्षात घ्या.

घाणीवाल्या काकू:
बिडाचा तवा आहे ना, मग काही अडत नाही. वांगं, दोडका आणि ढोबळी मिरची घ्या. दोडका कोवळा बघून घ्या, शिरा काढून बोटभर जाड काप करा. पातळ केले तर तव्यावरच विरघळतात. धुतलेली भाजी फडक्याने अगदी कोरडी पुसा.

आता मीठ. भाजण्याआधी अजिबात घालू नका. मिठाने भाजीतलं पाणी बाहेर येतं, आणि ते आटेपर्यंत भाजी भाजली न जाता नुसती शिजते. तवा चांगला तापू द्या, कापांना शेंगदाण्याच्या तेलाचा हात लावा, एकाशेजारी एक ठेवा आणि डाग पडेपर्यंत हलवू नका. तव्यावर गर्दी केली की पुन्हा पाणी सुटतंच. उतरवल्यावर पातेल्यात ढीग न लावता परातीत पसरा, नाहीतर स्वतःच्याच वाफेने मऊ पडतात.

ढोबळी मिरची जाळीवर साल काळी होईपर्यंत भाजा, झाकून ठेवा, मग साल सोला. तुमच्या सासऱ्यांना चावायला सोपी जाईल.

वरून घाणीचं करडईचं तेल, लिंबू, मीठ आणि आपली शेंगा चटणी. हे तेल तापवायचं नाही, कच्चंच घालायचं. त्याचा वास गार भाजीवर जो खुलतो तो दुसऱ्या कुठल्या तेलाला येत नाही, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे करडई पिकते, सोलापुरात तिच्यावर संशोधनही चालतं, आणि आपणच ती विसरत चाललोय याचं वाईट वाटतं.

मंगळवेढ्याचा:
काकूंचं सगळं पटलं. माझी भर एवढीच, वाढताना कडक भाकरी चुरून घाला. मालदांडी ज्वारीची असेल तर उत्तमच. हस्त बहाराची, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर निघणारी डाळिंबं मिळाली तर मूठभर दाणेही टाका.

जुळेसोलापूरकर:
कडक भाकरी त्यांना जमणार नाही हो. आणि लिंबाऐवजी दही चालेल का?

घाणीवाल्या काकू:
त्यांच्यासाठी ताज्या मऊ भाकरीचे तुकडे करा, कडक भाकरी बाकीच्यांना. डाळिंबाचे दाणेही त्यांना देऊ नका, त्यापेक्षा रस काढून घाला. दही चालतं, पण फडक्यात टांगून घट्ट केलेलं. आणि ते वाढतानाच मिसळा. या उन्हात दही घातलेली वाटी ओट्यावर तासभरही ठेवू नका. भाज्या संध्याकाळी भाजून, गार झाल्यावर झाकून फ्रीजमध्ये ठेवल्यात तर रात्री फक्त तेल, मीठ, चटणी घालायचं उरतं.