मदत हवी आहे: गावात ४ मेगावॅटचा सौर प्रकल्प येतोय, ग्रामपंचायतीला कर नेमका कशावर लावता येतो?

नमस्कार मंडळी,

मी ग्रामपंचायत सदस्य आहे, पहिलीच टर्म. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० (शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्याची सरकारी योजना) मधून आमच्या सबस्टेशनजवळ प्रकल्प येतोय. ग्रामसभेत विषय निघाला की दोन तट पडतात. एका बाजूला गावाचं सोनं होणार, दुसऱ्या बाजूला कंपनी कुंपण घालून बसणार आणि आपण बाहेरून बघत राहणार. मला अंदाजपत्रकात लिहायला आकडा हवाय, तो दोघांकडेही नाही.

जमीन थोडी गायरानातली, बाकी दोन शेतकऱ्यांची. शेतकऱ्यांचं गणित सरळ आहे: हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, दरवर्षी ३ टक्के वाढ. ते खूश आहेत, त्यांच्याबद्दल प्रश्नच नाही. सरकारी जमीन मात्र नाममात्र १ रुपया भाड्याने जाते. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, असे तीन वर्षं, म्हणजे एकूण १५ लाख.

घोळ इथेच आहे. आमची जुनी जाणती माणसं या ५ लाखांना "कर" म्हणतात आणि तो कायम मिळणार असं धरून चालली आहेत. एकाने तर त्यावर पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्याचा पगारही बसवून टाकला! अहो, ते अनुदान आहे, तीन वर्षांनी संपतं. वीजखरेदी करार २५ वर्षांचा असतो. उरलेल्या २२ वर्षांत तिजोरीत काय पडणार?

प्रकल्पाच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, सोलरला घरपट्टी नसते, वरूनच माफी आहे." कागद मागितला, तर "पाठवतो" म्हणाला. महिना झाला, अजून वाट बघतेय.

तर पॅनेलवर घरपट्टी लागते का? आणि कारखाने करांऐवजी ठोक रक्कम भरतात, तसं इथे जमेल का? कुणी प्रत्यक्ष आकारणी केली असेल तर कृपया सांगा. ऐकीव माहिती आमच्या पारावर भरपूर मिळते.

---

नमुना_आठ:

ताई, माफी असेल तर तिचा शासन निर्णय असतो, त्यावर क्रमांक आणि तारीख असते. ते लेखी मागा. तोंडी माफीवर आकारणी थांबवू नका.

आता ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चं कलम १२४ शांतपणे वाचा. इमारतीवर कर लावता येतो, मग खालची जमीन शेतसाऱ्याची असो वा नसो. नुसत्या जमिनीवर मात्र ती शेतसाऱ्याला पात्र नसेल तरच. म्हणून पहिली फेरी तलाठ्याकडे मारा. सातबाऱ्यावर ती जमीन आज काय आहे आणि प्रकल्प उभा राहिल्यावर काय राहणार, सगळं त्यावर ठरतं. शेतीचीच राहिली तर एवढ्या एकरांवर ग्रामपंचायतीला पट्टी लावता येत नाही, हे गावाला आधीच सांगून टाका.

कंट्रोल रूम, इन्व्हर्टरची खोली, रखवालदाराची खोली या इमारतीच आहेत. बांधकाम पूर्ण झालं की मोजणी करा, नमुना ८ ला (ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीत) घ्या, भांडवली मूल्यावर आकारणी करा. रक्कम फार मोठी होणार नाही, पण दरवर्षी येईल. पॅनेलचं काम वेगळं. खांबांवर उभी, ना भिंत ना छप्पर. तुम्ही लावाल, ते पंचायत समितीकडे अपील करतील. अंदाजपत्रकात हा पैसा धरू नका.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. जमीन विकली गेली असती तर मुद्रांक शुल्कातून ग्रामपंचायतीला वाटा आला असता. तो वाटा खरेदीखत, बक्षीसपत्र, कब्जेगहाण यांवर असतो. भाडेपट्ट्यावर नाही.

---

शिवारातला:

ठोक रकमेबद्दल: ते कलम १२५, पण ते कारखान्यांसाठी आहे. कारखाना म्हणायला किमान कामगार लागतात आणि सौर प्रकल्पात काम सुरू झाल्यावर पॅनेल धुणारे, गवत कापणारे आणि दोन रखवालदार एवढेच उरतात. त्यामुळे त्यावर फार विसंबू नका.

माझं मत विचाराल तर कराच्या मागे धावण्यापेक्षा ग्रामसभेच्या ठरावात अटी घाला. पॅनेल धुवायला पाणी कुठून घेणार, जड गाड्यांनी शिवरस्ता उखडला तर कोण करून देणार, गुरांना जायला वाट किती फूट सोडणार. पाण्याचं तर आधीच ठरवा, उन्हाळ्यात त्यावरून भांडण होतंच.

---

धागाकर्ती:

दोघांचेही आभार. मुद्रांक शुल्काचं खरंच माहीत नव्हतं. १५ लाख आता भांडवली कामाला, बहुतेक शाळेच्या संरक्षक भिंतीला सुचवते. पगार त्यातून नको, म्हणजे चौथ्या वर्षी कुणाला घरी बसवावं लागणार नाही. सदस्यांपैकी दोघं रुसतील, रुसू देत.

एक शेवटचं विचारते. गायरानाच्या सातबाऱ्यावर सरकारचं नाव आहे. तिथल्या कंट्रोल रूमची आकारणी मग कुणाच्या नावाने करायची?

---

नमुना_आठ:

नमुना ८ मध्ये मालक आणि भोगवटादार असे दोन वेगळे रकाने असतात. मालकाच्या रकान्यात सरकार, भोगवटादाराच्या रकान्यात भाडेपट्ट्यावर ज्याचं नाव असेल तो. मागणीचं बिलही त्यालाच द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.