मदत हवी आहे: नाटकाचा ‘आस्वाद’ लिहायचा म्हणजे नक्की काय लिहायचं? (बी.कॉम. पहिलं वर्ष, कोल्हापूर)

सातवी_गल्ली:
नमस्कार मंडळी,
ओपन इलेक्टिव्हला ‘नाट्यास्वाद’ घेतलाय. खरं तर बाकीच्या विषयांचे तास जुळत नव्हते म्हणून घेतला, पण आता आवडायला लागलाय. सेमिस्टर संपताना प्रत्यक्ष पाहिलेल्या एका प्रयोगावर लेख द्यायचाय आणि सरांनी आधीच बजावलंय, “कथानक सांगून पानं भरायची नाहीत.” मग भरायची कशानं?

वर्गात ॲरिस्टॉटलचे सहा घटक झाले (कथानक, पात्र, विचार, भाषा, संगीत, दृश्य), भरताचे आठ रस झाले, रंगमंचाचे प्रकार झाले. सगळं पाठ आहे. पण हे डोक्यात घेऊन नाटकाला बसायचं कसं? घरात कुणाला नाटकाचा नाद नाही. गॅदरिंगच्या एकांकिका सोडल्या तर मी काही पाहिलेलं नाही. केशवराव भोसले नाट्यगृहाला २०२४ च्या ऑगस्टमध्ये आग लागली, त्याआधी आत जायचा योगच आला नाही. यूट्यूबवर बघितलं तर चालतं का? आणि बघताना वहीत लिहीत बसायचं का?

विंगेतला:
रंगमंचाचे प्रकार पाठ केलेस, आता एकदा खासबागेच्या कुस्ती मैदानात जाऊन ये. मैदान गोल, हौदा मधोमध, माणसं चारी बाजूंना. पैलवानाला कुणापासून काही लपवता येत नाही. त्याला खेटूनच शाहू महाराजांनी १९१५ साली नाट्यगृह उभं केलं, तेच आजचं केशवराव भोसले. तिथं सगळे एकाच बाजूला बसणार आणि कमानीतून समोर बघणार. म्हणजे तुला काय दाखवायचं आणि काय विंगेत ठेवायचं, हे नाटकवाला ठरवतोय. नट पाठ करून उभा राहिला तर ते बहुतेक वेळा मुद्दाम असतंय. का, ते शोधायचं.

एक उदाहरण देतो. मी ज्या हौशी ग्रुपची लाईट करतो, त्यांच्या एका नाटकात सासरा पहिला अंकभर एका खुर्चीत बसलेला. सून आत-बाहेर करताना दर वेळी त्या खुर्चीला लांबून वळसा घालून जायची. दुसऱ्या अंकात म्हातारा गेलेला, खुर्ची तिथंच. तरी बाईचा वळसा सुटत नाही. शेवटाकडं एकदा ती सरळ चालत येते आणि धुण्याचा पिळा खुर्चीत टाकते. संवादात त्याबद्दल अवाक्षर नाही. ‘सासऱ्याच्या धाकातून सून सुटली’ हे झालं कथानक. ती वळसा कसा घालायची, कधी थांबली आणि थिएटरात तेव्हा काय झालं, हे लिहिलंस की आस्वाद.

खडू_डस्टर:
वरचं उदाहरण झकास आहे. मी असे लेख तपासते, म्हणून सांगते. ॲरिस्टॉटलच्या सहा घटकांचे सहा मथळे करू नकोस. नव्वद टक्के पोरं तेच करतात आणि प्रत्येकाखाली ‘उत्तम होते’ लिहून मोकळी होतात. ‘प्रकाशयोजना प्रसंगास साजेशी होती’ हे वाक्य नाटक न बघताही लिहिता येतं. सहापैकी त्या प्रयोगात जे दोन ठळक वाटतील तेवढे घे, बाकीचे सोड.

दुसरं म्हणजे गटे या जर्मन कवी-नाटककाराचे तीन प्रश्न. अजून झाले नसतील तर पुढे होतीलच: कलावंताला काय करायचं होतं, ते त्याला कितपत साधलं, आणि ते करण्याजोगं होतं का? क्रम मोडायचा नाही. आपण थेट तिसऱ्यापासून सुरू करतो, ‘मला नाही आवडलं’ म्हणून. फार्सला गेलीस आणि ‘विचार उथळ होता’ असं लिहिलंस, तर पहिला प्रश्न तू विचारलाच नाहीस.

रंकाळ्यावर_भेळ:
यूट्यूबवर बघ की भावा, फुकटात होतंय. मागं घेऊन परत बघता येतंय.

विंगेतला:
भाऊ नाही, ताई असेल रे, नीट वाच. आणि रेकॉर्डिंग नको. कॅमेरा बोलणाऱ्याचं तोंड दाखवतो. नाटकात बघायचं असतं न बोलणाऱ्याकडं. खुर्चीच्या त्या प्रसंगात नवरा फोनवर मोठमोठ्यानं बोलत होता. कॅमेरा त्याच्यावर असता तर पिळा कुणाला दिसला असता?

वहीचं म्हणशील तर अंधारात मान खाली घालू नको, तेवढ्यात काहीतरी निसटतं. मध्यंतरात चार शब्द, घरी गेल्यावर त्याच रात्री बाकीचं.

जुना_पिटातला:
पोरी, संगीत नाटक बघितलंस तर ही मोजमापं जरा सैल सोड. तिथं कथानक थांबतं, पद होतं, वन्स मोअर आला की तेच पद पुन्हा होतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. ज्यांच्या नावाचं आपलं थिएटर, ते केशवराव आणि बालगंधर्व १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’मध्ये एकत्र उभे राहिले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. गोष्ट सगळ्यांना ठाऊकच होती. लोक आले ते दोन गळे एका रंगमंचावर ऐकायला. तेव्हा प्रेक्षक काय करत होते तेही लेखात येऊ दे. हसले कुठं, चुळबुळले कुठं, टाळी नटाला पडली की वाक्याला.

(आणि रस आठच शिकवले ते बरोबर आहे हो. शांतरस पुढं नववा धरला गेला. परीक्षेत विचारतात.)

सातवी_गल्ली:
खूप आभार सगळ्यांचे! आणि हो, ताईच. टाळी नटाला की वाक्याला, हे तर गॅदरिंगलासुद्धा बघता येईल. पण आता बघू कुठं? व्यावसायिक नाटकाचं तिकीट जरा जड जातंय.

खडू_डस्टर:
राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी. कोल्हापूर केंद्र आहेच, तिकीट नाममात्र असतं. रोज वेगळा संघ, रंगमंच तोच. सलग दोन-तीन दिवस गेलीस तर एकाच जागेचा कोण कसा वापर करतो ते आपोआप दिसायला लागतं. जाहिरात आली की ठिकाण आणि वेळ तेवढी बघून घे. शाहू स्मारकलाही अधूनमधून चौकशी करत जा. एसटीची तयारी असेल तर सांगलीचं भावे नाट्यमंदिर आणि इचलकरंजीचं घोरपडे नाट्यगृह आहेच. संहिता छापील मिळाली तर प्रयोग पाहिल्यानंतर वाच, आधी नको.

विंगेतला:
पुढच्या रांगेच्या मोहात पडू नको. रंगमंच उंच असतो, नटांचे पाय आणि खाली बसलेलं माणूस नीट दिसत नाही. मधल्या ब्लॉकमध्ये सहावी-सातवी रांग बघ. आमचा प्रयोग लागला की इथंच टाकतो, ये. नाटक संपल्यावर आत येऊन लाईटचा बोर्ड बघायचा असेल तर तेही दाखवतो.