अहवालातील ‘अनिश्चित’ या शेऱ्याविषयी

वडिलांना हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी (हृदयाचा स्नायू जाड होण्याचा, बहुधा आनुवंशिक आजार) असून त्यांच्या जनुकीय अहवालात ‘अनिश्चित महत्त्वाचा बदल’ आला आहे, तर मुलांचीही तीच चाचणी करून घ्यावी का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर ‘सध्या नको’ असे आहे. २०१५ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनुसार जनुकीय बदलांचे निर्धोक ते रोगकारक असे पाच वर्ग केले जातात; ‘अनिश्चित’ हा त्यांतला मधला वर्ग आहे, आणि त्याच्या आधारे मुलांना रोगी ठरवता येत नाही, तसेच निर्धोकही म्हणता येत नाही. त्यांच्यासाठी ठरावीक काळाने ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करत राहणे हाच आज खरा आधार आहे. कृपया त्यात खंड पडू देऊ नका.

आपल्याकडे आणखी एक गुंतागुंत आहे. या आजाराशी संबंधित एमवायबीपीसी३ जनुकातील डीएनएच्या २५ अक्षरांचा लोप सुमारे ४ टक्के भारतीयांत आढळतो, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले (हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ त्यात होते). मात्र तो बाळगणारे अनेक जण निरोगी राहतात, त्यामुळे अहवालातील एवढ्या एका नोंदीवरून कोणाचेही भवितव्य सांगणे मला अयोग्य वाटते. वर्गीकरण नव्या पुराव्यानुसार बदलते, म्हणून काही वर्षांनी जनुकीय समुपदेशकामार्फत प्रयोगशाळेकडे फेरविचाराची मागणी अवश्य करावी.