लाँग रननंतरची बिअर: ग्रुपच्या कार्यक्रमातून काढायची का?

घाटवाट

हिल मॅरेथॉन जवळ आली की साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात रविवारी पहाटे बाहेरगावचेही ग्रुप दिसायला लागतात. आमचाही पळतो. पळून झालं की पोहे, चहा आणि तिथून थेट बिअर. ग्रुपमध्ये नव्याने आलेल्या पोरांना आता हा पळण्याचाच भाग वाटायला लागलाय. माझं मत: ज्याला प्यायची आहे त्याने आपापल्या घरी, दुसऱ्या दिवशी प्यावी. पळून आल्या आल्या नको आणि ग्रुपच्या नावावर तर मुळीच नको.

घाट उतरताना मांड्यांना जो मार बसतो त्याची भरपाई पुढच्या एक-दोन दिवसांत होते. ताकद तेव्हा वाढते, पळताना नाही. २०१४ साली ऑस्ट्रेलियात ८ पुरुषांवर एक प्रयोग झाला. व्यायामानंतर प्रोटीनसोबत दारू दिली तेव्हा स्नायूंमधली प्रथिनं तयार होण्याचा वेग, नुसतं प्रोटीन दिलं होतं त्या वेळच्या तुलनेत, २४ टक्क्यांनी कमी भरला. प्रोटीनऐवजी कार्बोहायड्रेट आणि दारू दिली तेव्हा ३७ टक्क्यांनी. पहाटे चारला उठून केलेली मेहनत अशी घालवायची?

निवांत_पळणारा

प्रयोग खरा आहे, पण मात्रा सांगायची राहिली. वजनाच्या दर किलोला दीड ग्रॅम अल्कोहोल दिलं होतं. म्हणजे ७५ किलोच्या माणसाला ११२ ग्रॅम. साठ मिलीच्या व्हिस्कीच्या पेगमध्ये साधारण २० ग्रॅम असतं, म्हणजे हे साडेपाच पेग झाले! पाच टक्क्यांच्या बिअरच्या एका पाइंटमध्ये जेमतेम १३ ग्रॅम. साडेपाच पेगचा निष्कर्ष एका पाइंटला लावणं बरोबर नाही.

शिवाय आपण कोणी ऑलिंपिकला निघालेलो नाही. आठवडाभर खुर्चीत बसून काम करणारी माणसं आपण. पळून झाल्यावरचा तो तासभर गप्पांचा असतो म्हणून निम्मे लोक थंडीतही अंथरुणातून बाहेर पडतात. तो तास काढून घेतलात तर पळणंही सुटेल, आणि ते नुकसान कुठल्याही बिअरपेक्षा मोठं आहे.

घाटवाट

मात्रेचा मुद्दा बरोबर. पण आपल्या टेबलावर माइल्डचा पाइंट किती जण मागवतात ते आठवा. येते ती स्ट्राँगची ६५० मिलीची बाटली. आठ टक्के धरले तर ४१ ग्रॅम, म्हणजे दोन पेग झाले. आणि ती सहसा एकावर थांबत नाही.

मीरा_फिजिओ

तुम्ही दोघंही स्नायूंवर अडलात. मला त्याआधीच्या दोन गोष्टींची जास्त काळजी वाटते. दोन-अडीच तास पळाल्यावर यकृतातला साखरेचा साठा बराच उतरलेला असतो. अशा वेळी दारू गेली की यकृत ती पचवण्यात गुंततं आणि नवीन साखर तयार करणं मंदावतं. चक्कर येते, हातपाय थरथरतात, दरदरून घाम सुटतो. आजूबाजूचे म्हणतात ‘याला जरा चढली’. डायबेटिसची इन्सुलिन किंवा साखर खाली आणणारी गोळी चालू असलेल्यांना तर हे फारच धोक्याचं आहे. दुसरं, किडनीला पाणी धरून ठेवायला सांगणारं व्हासोप्रेसिन हे हार्मोन दारूने दबतं. घाम गाळून आलेलं शरीर आणखी पाणी बाहेर टाकतं.

आणि परत कसे जाता? बाइकवर किंवा गाडीने, खंबाटकी घाटातून! कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. स्ट्राँगच्या एका बाटलीने बहुतेकांची ती ओलांडली जाते. माझ्या लेखी चर्चा इथेच संपायला हवी.

शनिवारी रात्री पिऊन रविवारी पळायला येणाऱ्यांबद्दल मात्र कोणीच बोललं नाही. रात्रभर नाडी चढी राहते, झोप तुटक लागते. मनगटावरच्या घड्याळात सकाळी सगळं दिसतं. पळून आल्यावरच्या पाइंटपेक्षा मला ती रात्र जास्त खटकते.

भरती_सराव_कराड

मी पोरांकडून पोलिस भरतीची तयारी करून घेतो. १६०० मीटरला २० गुण असतात आणि पूर्ण गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. दहा-वीस सेकंद मागं पडला की गुण जातात, आणि मेरिट लिस्ट एकेका गुणावर अडते. आमची पोरं त्याच घाटात चढाचा सराव करतात. महागडे बूट घातलेली दादामंडळी हॉटेलात बाटल्या उघडताना बघतात आणि मला येऊन विचारतात, ‘सर, ते पितात पण आणि पळतात पण, मग आपल्याला काय होतंय?’ तुमची नोकरी झालेली आहे, यांची व्हायची आहे. कोल्हापूरच्या तालमीत वस्तादाला हे समजावत बसावं लागत नाही. पोरं तिथं मोठ्या पैलवानांचं बघूनच शिकतात.

कोथरूडची_चढण

सर, तुमची तळमळ पटते, पण तालमीची शिस्त चाळिशीच्या हौशी माणसाला लावली तर तो येणंच बंद करेल. माझ्या भावाचंच सांगते. रोज क्वार्टर घ्यायचा. १८० मिली म्हणजे नुसत्या दारूच्याच सव्वाचारशे कॅलरी. बायको, आई, डॉक्टर सगळे सांगून थकले. ग्रुपने त्याला ‘आधी सोड, मग ये’ असं म्हटलं नाही, म्हणून तो आला. पहाटे उठायचं म्हणून आठवड्यातल्या रात्री आपोआप सुटल्या. अजून शनिवारी घेतो, पण बीपी आटोक्यात आलंय. तुमच्या नियमाने तो पहिल्याच रविवारी घरी बसला असता.

घाटवाट

ताई, भावाला कोणी दार बंद करत नाहीये, त्यांनी जरूर यावं. माझी मागणी एवढीच आहे की ग्रुपच्या वर्गणीतून बिअर येऊ नये, मेसेजमध्ये ‘रन + बिअर’ असं लिहू नये आणि घाट उतरल्यावर आधी ताक, पाणी, पोटभर खाणं व्हावं. ज्याच्या हातात गाडीची किल्ली आहे त्याने अजिबात घेऊ नये. याचा ठराव येत्या बैठकीत मांडतोय.

निवांत_पळणारा

वर्गणी, मेसेज आणि किल्ली, तिन्हीला माझा हात वर. स्वतःच्या पैशाने, घरी नेणारा दुसरा असताना कोणी पाइंट मागवला तर त्यावरही बंदी असेल का, हे ठरावात स्पष्ट लिहा. तशी असेल तर मी विरोधात मत देणार आणि बैठकीत उभं राहून बोलणार.